गाण्याचा बैल, खोडीसकट

"त्यानं काय ओढलं? नांगर की गाडी?" एवढंच मी विचारलं आणि आजोबा उठून चालते झाले. खुर्ची मागे सरकली, काठी फरशीवर दोनदा वाजली, आणि ते उंचच्या उंच गृहस्थ लायब्ररीच्या काचेच्या दारातून मान वाकवून बाहेर पडले. मी आणि त्यांची नात एकमेकींकडे बघत राहिलो. माझं काय चुकलं ते मला कळलं नव्हतं, पण काहीतरी भयंकर चुकलंय एवढं कळलं होतं.

प्लेनोमधल्या आमच्या लायब्ररीत मी शनिवारी सकाळी नव्यानं आलेल्या लोकांना इंग्रजी बोलायला मदत करते. आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, त्यामुळे शनिवारी कुणाच्याही चुका काढायच्या नाहीत असं ठरवलेलं. तिथे हे आजोबा यायला लागले. दक्षिण सुदानचे, दिंका लोकांपैकी, म्हणजे ज्यांचं सगळं आयुष्य गुरांभोवती फिरतं अशा माणसांतले. नात इथलीच, टेक्ससमध्येच जन्मलेली, कॉलेजात शिकणारी. तीच त्यांचं बोलणं आम्हाला समजावून द्यायची. त्यांना हाक काय मारायची विचारलं तर म्हणाली, "तुमच्या घरी या वयाच्या माणसाला जे म्हणता ते म्हणा." म्हणून आजोबा. त्यांना तो शब्द फारच आवडला. लायब्ररीतल्या गोऱ्या बाईंकडूनही ते 'आजोबा' म्हणवून घ्यायला लागले.

ऑक्टोबरात लायब्ररीत आफ्रिकी कवितांची एक दुपार होणार होती. मूळ भाषेत कविता म्हणायची, मग इंग्रजीत. नातीनं आजोबांचं नाव परस्पर देऊन टाकलं. तरुणपणी त्यांनी आपल्या बैलावर रचलेलं गाणं त्यांना अजून पाठ होतं. तिनं त्याचं इंग्रजी केलं आणि मला दाखवलं. 'माझा बैल काळा-पांढरा आहे. तो फार सुंदर आहे.' आजोबांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "हे गाणं आहे? ही तर हरवलेल्या जनावराची जाहिरात झाली." मग मदत करायला म्हणून मी तोंड उघडलं आणि नेमकं नांगराचंच विचारून बसले.

नातीनं पार्किंग लॉटमध्ये, कडक उन्हात, मला सगळं समजावलं. मुलगा पुरुष झाला की त्याला एक बैल मिळतो. तो बैल कामाचा नसतोच. त्याच्या खांद्यावर जू कधी ठेवत नाहीत. गळ्यात घंटा बांधतात, शिंगांच्या टोकांना गोंडे लावतात, शिंगं लहानपणीच तासून त्यांना हवा तो बाक देतात. मग तरुण त्याच्यापुढे चालत त्याचं गाणं गातो. बैलाच्या अंगाचा रंग जसा, तसं त्या तरुणाचं नाव पडतं. पुढं आयुष्यभर लोक त्याला त्याच नावानं हाक मारतात. "आजोबांना नांगराचं विचारलं म्हणजे तुम्ही त्यांनाच जुंपलंत," ती म्हणाली, आणि हसलीही.

मला मात्र हसू येईना. माझ्या अंगावर काटा आला होता, कारण ते गोंडे मला माहीत होते. ती तासलेली शिंगं माहीत होती. आमच्या माणदेशात पोळ्याला बेंदूर म्हणतात. त्या दिवशी बैलाच्या खांद्याला जू लागत नाही. त्याला न्हाऊ घालायचं, शिंगांना रंग द्यायचा, गोंडे बांधायचे, पाठीवर झूल टाकायची आणि वाजतगाजत गावातून न्यायचं. आमच्या घरी बेंदूर म्हणजे दिवाळीहून मोठा सण होता. आणि ही गोष्ट मी प्लेनोमध्ये वीस वर्षांत एकाही माणसाला सांगितली नव्हती.

कारण माझे वडील हेडी होते. हेडी म्हणजे जनावरांच्या बाजारातला दलाल. शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक हसू येतं, 'म्हणजे लबाड' असं म्हणणारं. पुण्यात मी इंजिनिअरिंगला गेले तेव्हा हॉस्टेलवर ते हसू मी एकदा पाहिलं आणि त्या दिवसापासून माझे वडील 'ॲग्री मार्केटिंग'मध्ये नोकरीला लागले. आधी मैत्रिणींसाठी, मग ऑफिससाठी, मग अमेरिकेतल्या आमच्या महाराष्ट्र मंडळासाठी. खोटं म्हणाल तर पूर्ण खोटंही नव्हतं. पण ते सांगून झालं की मी दर वेळी घाईनं विषय बदलायची.

आबा, म्हणजे माझे वडील, बाजारात बोलायला लागले की आजूबाजूचे सौदे थांबायचे. बैलाच्या पाठीवर हात ठेवून एका दमात वर्णन. "बघा पावणं, जातिवंत खिलार. डोळा काजळी, कपाळाला चांद, वशिंड नगाऱ्यावानी. चालाया लागला तर धूळसुदिक म्हागं ऱ्हाती." आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, त्या जनावराची एक खोड सांगायचे. सांगायचेच. "कान धरल्याला खपत न्हाई." किंवा "पान्याला बिचकतो." बाकीचे हेडी खोड लपवायचे, आबा स्वतःहून सांगायचे, म्हणून लोक त्यांच्याकडे लांबून यायचे. 'ज्याला खोड न्हाई त्यो बैल मातीचा', असं ते मला सांगायचे. मी सात-आठ वर्षांची, दावणीच्या खुंटावर बसून हे सगळं तोंडपाठ करत असे.

पुढच्या शनिवारी आजोबा आले, पण भिंतीकडे तोंड करून बसले. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि बेंदूर सांगितला. नात एकेक वाक्य त्यांच्या भाषेत पोहोचवत होती. गोंड्यांपाशी त्यांनी मान वळवली. शिंगांच्या रंगापाशी काठी बाजूला ठेवली.

"एक दिवस?" त्यांनी विचारलं.

"एक दिवस."

"आणि बाकीचे दिवस?"

"नांगर," मी म्हणाले.

त्यांनी बराच वेळ मान हलवली. आमच्या बैलांबद्दल इतकं दुःख मी आमच्याकडेही कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. मग म्हणाले, "विचार काय विचारायचं ते."

आणि मग काय मजा आली! 'काळा-पांढरा' म्हणजे कसा, इथून सुरुवात. काळ्यावर पांढरे मोठे ठिपके? आमच्याकडे बांडा. नाही, तसा नाही. कपाळावरच पांढरं? चांद्या. नाही. मग करडा मिसळलेला, कबरा? आजोबा दर शब्दाला तो मोठ्यानं म्हणून बघायचे आणि नाही म्हणायचे, पण नाही म्हणताना त्यांचे डोळे चमकायचे. त्यांच्या भाषेत तर प्रत्येक रंगामागे एक पक्षी, प्राणी नाहीतर आभाळ उभं. चित्त्यासारखा, मगरीसारखा, ढगातून ऊन पडतं तसा. त्यांचा बैल होता नदीवरच्या मासेमार गरुडासारखा. डोकं आणि मान पांढरीशुभ्र, खाली अंग काळं. ते कळल्यावर मी लायब्ररीत इतक्या मोठ्यानं 'अच्छा!' म्हणाले की पलीकडच्या टेबलावरच्या माणसानं हेडफोन काढला.

त्या दिवसांत मला दुसरं काही सुचत नव्हतं. लंच ब्रेकमध्ये गाडीत बसून मी नातीला फोन करायची. आधी गाणं मराठीत उतरवायचं आणि मराठीतून इंग्रजीत न्यायचं, हा रस्ता आम्हाला सापडला होता, कारण गाण्यातल्या बाकीच्या गुरांसाठी इंग्रजीत माझ्याकडे फक्त 'ब्राऊन' होता आणि मराठीत तांबडा, खैरा, कोसा अशी दावणच्या दावण उभी होती. खैरा हा शब्द मी तीस वर्षांत वापरला नव्हता. तो एका सोमवारी मीटिंगच्या मधोमध आठवला आणि मी मॅनेजरच्या प्रश्नाला "येस, खैरा!" असं उत्तर दिलं.

लायब्ररीतून आफ्रिकी कवितांची पुस्तकंही आणली. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या भाषांतून आलेल्या. शाळेत आम्हाला निसर्गकविता म्हणजे लांब उभं राहून बघायची गोष्ट असंच शिकवलं होतं. डोंगर, झरा, सूर्यास्त, आणि उत्तरात लिहायचं की कवीनं निसर्गाचं मनोहर चित्रण केलं आहे. दोन मार्क. या कवितांत नदी म्हणजे आजी होती. झाड हा साक्षीला बोलवायचा माणूस होता. एका बाईनं स्वतःची ओळख सांगताना आधी पाऊस, मग माती, मग आई आणि सर्वांत शेवटी स्वतःचं नाव सांगितलं होतं. वाचता वाचता मी उठून घरभर फिरायची. मला वाटायचं, हे मला माहीत होतं, आबांच्या तोंडून मी हेच ऐकलेलं आहे, आणि परीक्षेत मी ते कधी लिहिलं नाही.

एका रविवारी मी आजोबांना आणि नातीला गाडीत घालून प्लेनोच्या उत्तरेला निघाले. हायवेवरून बाहेर पडलं की हळूहळू घरांच्या रांगा संपतात आणि कुंपणं सुरू होतात. तिथे एका कुरणात टेक्ससची ती लांब शिंगांची गुरं चरत होती. मी गाडी कडेला घेतली. आजोबा उतरले आणि तारेपाशी जाऊन उभे राहिले. एक तांबडा, पांढऱ्या डोक्याचा बैल मान वर करून त्यांच्याकडे बघायला लागला. आजोबांनी काठी माझ्या हातात दिली, दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, कोपरांतून बाक दिला, आणि अगदी बैलाची शिंगं व्हावीत तसे ते हात हवेत ठेवून गायला लागले. म्हाताऱ्या माणसाचा आवाज तो, पण कुरण ओलांडून जात होता. बैल दोन पावलं पुढे आला. नात रडत होती आणि फोनवर शूट करत होती. मी ओरडतच होते, काय ते आठवत नाही.

परत येताना आजोबांनी विचारलं, "तुझ्या वडिलांचा बैल कोणता होता?"

"माझे वडील ॲग्री मार्केटिंगमध्ये..." तोंडातून सवयीनं निघालं.

नातीनं ते सांगितलं. आजोबांनी विचारलं, "काय विकायचे?"

हायवेवर ताशी सत्तर मैलांनी गाडी चालवताना माणूस खोटं बोलू शकत नाही, निदान मी तरी नाही. "बैल," मी म्हणाले. आणि मग हेडी म्हणजे काय ते, आबांचं वर्णन, शेवटची खोड, सगळं घडाघडा सांगून टाकलं. आजोबा इतके खूश झाले की त्यांनी डॅशबोर्डवर थाप मारली. म्हणाले, "इतक्या बैलांची गाणी करणारा माणूस!" मग थोड्या वेळानं अट घातली. त्यांच्याकडे रीत होती. दुसऱ्याचं गाणं समजावून सांगणाऱ्यानं आधी आपण कोणाचे, आपल्या बापाचा बैल कसा होता, ते लोकांसमोर सांगायचं. नाहीतर गाणं चोरीचं होतं. "तू सांगितलंस तर मी गाईन. नाही सांगितलंस तर नाही."

झालं! त्याच सकाळी मी मोठ्या उत्साहानं मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कार्यक्रमाचं आमंत्रण टाकलं होतं. घरी पोहोचले तेव्हा ग्रुपवर वर केलेल्या अंगठ्यांचा पाऊस पडला होता. सगळ्यांत वरती काकूंचा मेसेज. काकू म्हणजे आमच्या मंडळातल्या ज्येष्ठ बाई, पुण्यात शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या आणि आता मुलाकडे राहणाऱ्या. त्यांच्या जिभेला सगळं प्लेनो घाबरून असतं. 'आम्ही पंधरा जण येतोय. पुढच्या रांगेत जागा ठेव.'

मी त्यांना फोन केला. "काकू, कार्यक्रम तसा बोअरिंगच आहे हं. लांबणार पण आहे. तुम्ही उगाच प्लॅन कॅन्सल करून..."

"बोअर व्हायचं की नाही ते आमचं आम्ही बघू," काकू म्हणाल्या. "तू जागा ठेव."

त्या आठवड्यात मला आबांची अमेरिकेची फेरी सारखी आठवत होती. पंधरा वर्षांपूर्वी ते एकदाच आले, गणपतीच्या वेळी. घरी मंडळाची चाळीसेक माणसं यायची होती. मी त्यांना आदल्या दिवशी गाडीत सांगितलं होतं, "आबा, कुणी विचारलं तर ॲग्री मार्केटिंग म्हणा. बाजाराचं काढू नका." ते नुसतं "बरं" म्हणाले. मला ते 'बरं' अजून टोचतं. दुसऱ्या दिवशी मी वडे तळत होते आणि खिडकीतून मागच्या अंगणात आबा दिसत होते, भोवती माणसं, सगळी हसत होती. माझा जीव टांगणीला लागला. नंतर विचारलं, "काय बोलत होता एवढं?" तर म्हणाले, "हवापान्याचं." ते परत गेले आणि दोन वर्षांनी वारले. त्यांच्याबद्दल मी खरं बोलले नाही ते नाहीच.

कार्यक्रमाच्या दुपारी हॉल भरला होता. दुसऱ्या रांगेपर्यंत मंडळच मंडळ. आजोबा स्टेजवर काठी धरून उभे, नात कागद घेऊन बाजूला, आणि मी माइकपाशी. आजोबांनी माझ्याकडे बघितलं आणि वाट बघत राहिले. घाई बिलकूल नाही. मला वाटलं, आत्ता नाही म्हणाले तर हा माणूस काठी टेकत उतरून जाईल, आणि गरुडासारखा तो बैल टेक्ससमध्ये कुणाला कधी दिसणार नाही.

"मी एका हेड्याची मुलगी," मी मराठीत म्हणाले. मग इंग्रजीत सांगितलं. माझे वडील बैलांच्या बाजारातले दलाल होते. गोंड्यांचं सांगितलं, आमच्या स्वतःच्या दावणीच्या बैलाचं सांगितलं, आणि मग माझं मलाच न कळता आबांचा सूर लागला. "बघा पावणं, जातिवंत खिलार!" प्लेनोच्या लायब्ररीत, माइकवर! डोळा काजळी, कपाळाला चांद, धूळसुदिक म्हागं ऱ्हाती. आणि शेवटी आवाज खाली आणून, "एकच खोड हाय. मालक घरी नसला तर वैरनीला तोंड लावत न्हाई." मी थांबले. काय आनंद झाला होता म्हणून सांगू! तीस वर्षं दाबून धरलेला श्वास सोडल्यासारखं वाटलं.

आजोबांनी काठी नातीकडे दिली. हात वर गेले, शिंगं झाली. ते एक ओळ गायचे, मी मराठीत म्हणायची, नात इंग्रजीत.

'माझ्या बैलाच्या मानेवर दुपार आहे, पाठीवर संध्याकाळ.
तो पाण्याशी वाकला की वरचा गरुड ओरडतो,
माझं रूप घेऊन जमिनीवर कोण चालतंय?
मला हाक मारायची तर त्याच्या रंगानं मारा,
मी त्याच्या मागे उभा असेन.'

शेवटच्या ओळीला हॉलमधल्या दक्षिण सुदानच्या दोन-तीन बायका उभ्या राहिल्या आणि त्यांचेही हात वर गेले.

नंतर चहाच्या टेबलापाशी काकू सरळ माझ्याकडे आल्या. मी तयारीतच होते. "काकू, मी तुम्हाला इतकी वर्षं..."

"अगं, माहीत होतं की आम्हाला," काकू म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? तुझ्या वडिलांनी. तुझ्याकडच्या गणपतीत. तू आत वडे तळत होतीस. मीच विचारलं, तुम्ही काय करता. म्हणाले, हेडी हाय, बैल इकतो. आम्ही म्हटलं, दाखवा मग वर्णन करून. तर म्हणाले, हितं बैल न्हाई, लेकीचं करतो."

मी हातातला कप खाली ठेवला.

काकू शाळेत पाठांतर घेणाऱ्या. त्यांनी पदर सावरला आणि आपल्या पुणेरी जिभेनं जमेल तसा माणदेश उभा केला. "बघा पावणं. जातिवंत हाय. चालीला सरळ, वझ्याला डगमगत न्हाई. सात समिंदर वलांडलं, कुनाला हाकावी लागली न्हाई." मग काकूंनी आबांसारखाच आवाज खाली आणला. "मग तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं त्यांनी. म्हणाले, एकच खोड हाय. चारचौघांत आपलं दावं वळखत न्हाई. पर गुनाचं जनावर हाय, येईल आपल्या पायानं. तवर तुमी कुनी बोलू नगा."

"आणि तुम्ही..."

"नाही बोललो," काकू म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं होतं ना."

पंधरा वर्षं! जिथे कुणाच्या घरचा फ्रिज बिघडला ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, त्या आमच्या मंडळातली चाळीस माणसं पंधरा वर्षं गप्प बसली होती. पलीकडून आजोबा विचारत होते की या बाई काय म्हणाल्या. मी काकूंचा हात धरला.

"काकू," मी म्हणाले, "परत एकदा म्हणा."

त्यांनी परत म्हटलं, खोडीसकट.